उभयपक्षीय सल्लामसलत (अमेरिकी परराष्ट्र धोरण)

अध्यक्षपदाच्या उमेदवाराने परराष्ट्र व्यवहारांबाबत प्रतिपक्षातील जाणकारांशी किंवा सत्तेवरील प्रशासनाशी विचारविनिमय करण्याचा अमेरिकेतील प्रघात. त्याला कायद्याचे बंधन नाही. मराठीत ‘द्विपक्षीय’ हा शब्द दोन देशांमधील वाटाघाटींसाठी रूढ असल्याने येथे ‘उभयपक्षीय’ ही संज्ञा योजली आहे.

उगमाविषयी मतभेद आहेत. रिपब्लिकन सेनेटर आर्थर व्हँडेनबर्ग यांच्या १० जानेवारी १९४५ च्या भाषणापासून आरंभ मानण्याची रीत आहे. परंतु ते भाषण निवडणुकीनंतरचे असून उमेदवाराचे नव्हे. १९४० चा दाखलाही दिला जातो. ब्रिटनला ५० विनाशिका देण्याच्या व्यवहाराचा प्रचारात मुद्दा करणार नाही, असे संकेत रिपब्लिकन उमेदवार वेंडेल विल्की यांच्याकडून मिळाले होते. ती मात्र मूक संमतीच होती. काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) डावलून व्यवहार झाल्याचे कळताच विल्की यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यावर कडक टीका केली. त्यामुळे ऑगस्ट १९४४ मधील हल–डलेस बोलणी हा आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

नियोजित जागतिक संघटनेत (पुढची संयुक्त राष्ट्रे) बड्या राष्ट्रांचेच वर्चस्व राहील, अशी शंका रिपब्लिकन उमेदवार टॉमस ड्यूई यांनी तिची आखणी करणाऱ्या डंबार्टन ओक्स परिषदेच्या तोंडावर जाहीरपणे मांडली. परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांनी त्यांना चर्चेचे निमंत्रण दिले. ड्यूई यांनी न्यूयॉर्कमधील वकील जॉन फॉस्टर डलेस यांना वॉशिंग्टनला धाडले. २३ ते २५ ऑगस्टच्या या बोलण्यांत बरीच घासाघीस एका शब्दावरून झाली. डलेस यांना ‘उभयपक्षीय’ हवे होते, हल ‘पक्षनिरपेक्ष’वर अडून बसले. पहिल्या शब्दाने विरोधकांना धोरणाच्या घडणीत, पर्यायाने श्रेयातही, वाटा मिळत होता. दुसऱ्याने विषय केवळ प्रचाराबाहेर राहत होता. संयुक्त निवेदनात हल यांचा शब्द आला. पुढे रूढ झाला तो डलेस यांचा.

सप्टेंबरअखेर लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल यांनी ड्यूई यांना गुप्त पत्र पाठवले. जपानी सांकेतिक लिपी उकलल्याची वाच्यता होऊ नये, हा त्याचा हेतू. टल्सा येथे कर्नल कार्टर क्लार्क यांनी ते हाती दिले, तेव्हा ड्यूई यांनी सुरुवातीचा मजकूर वाचून पत्र परत केले: पुढे वाचले तर गुप्ततेच्या वचनात अडकू, ही त्यांची अडचण. अटी सैल करून ते ऑल्बनीत पुन्हा देण्यात आले. ड्यूई यांनी निवडणूक हरेपर्यंत या विषयावर मौन पाळले. सल्ला घेणाऱ्याचे तोंड त्या सल्ल्यानेच बांधले जाते, ते असे.

१९५२ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी दोन्ही उमेदवारांना गुप्तवार्ता देण्याची पद्धत सुरू केली. अलीकडचे ठळक उदाहरण २००८ चे. त्या जुलैत डेमोक्रॅटिक उमेदवार बराक ओबामा अफगाणिस्तान व इराकच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा रिपब्लिकन सेनेटर चक हेगल त्यांच्यासोबत होते. विजयानंतर ओबामा यांनी मावळते रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांना पदावर कायम ठेवले.