डेलागोआ उपसागर शस्त्रवाहतूक वाद

पोर्तुगीज मोझँबीकमधील डेलागोआ उपसागरावरील लोरेन्सो मार्केस (विद्यमान मापूतो) बंदरातून ट्रान्सव्हाल या दक्षिण आफ्रिकेतील बोअर प्रजासत्ताकाकडे जाणाऱ्या शस्त्रांबाबत ब्रिटन, पोर्तुगाल व जर्मनी यांच्यात झालेला राजनैतिक पत्रव्यवहार (सु. १८९६–१९००). समुद्रकिनारा नसलेल्या ट्रान्सव्हालला ब्रिटिश अंमलाबाहेरचे हेच जवळचे बंदर होते. प्रिटोरियापर्यंतचा लोहमार्ग १८९५ मध्ये खुला झाला. ब्रिटिश वसाहतीतील अधिकारी जेमसन याने ट्रान्सव्हालवर केलेल्या फसलेल्या स्वारीनंतर (१८९५-९६) तेथील अध्यक्ष क्रूगर यांच्या सरकारने सु. ३७,००० माउझर बंदुका मागविल्या, तेव्हापासून लंडनची चिंता वाढली.

कायदेशीर बाजू गुंतागुंतीची होती. ब्रूसेल्सच्या सर्वसाधारण कराराने (१८९०) आफ्रिकेतील शस्त्रआयातीवर निर्बंध घातले. पण ते २०° उत्तर ते २२° दक्षिण या पट्ट्यापुरते होते आणि लोरेन्सो मार्केस सु. २६° दक्षिणेस आहे. शिवाय पोर्तुगाल–ट्रान्सव्हाल तहाने (१८७५) मालाला पारगमनाचा (पोर्तुगीज प्रदेशातून पुढे जाण्याचा) हक्क दिला होता. ऑगस्ट १८९९ मध्ये काडतुसांचा साठा बंदरात अडविला गेला, तो पुढे सोडावा लागला.

ब्रिटन व बोअर प्रजासत्ताके यांच्यातील युद्ध ११ ऑक्टोबर १८९९ रोजी सुरू झाले. त्यानंतर १४ ऑक्टोबरला ब्रिटिश पंतप्रधान सॉल्झबरी व पोर्तुगीज राजदूत सोव्हेराल यांनी गुप्त घोषणापत्रावर सह्या केल्या. युद्धकाळात ट्रान्सव्हालसाठीची शस्त्रे जाऊ न देण्याचे व तटस्थता जाहीर न करण्याचे पोर्तुगालने मान्य केले. ब्रिटनने १६४२ व १६६१ च्या तहांतील, पोर्तुगाल व त्याच्या वसाहतींच्या रक्षणाच्या जबाबदाऱ्यांचा पुनरुच्चार केला. याचा मुख्य हेतू शस्त्रबंदी होता, की पोर्तुगीज वसाहतींच्या संभाव्य वाटणीसाठी झालेला ब्रिटन–जर्मनी करार (ऑगस्ट १८९८) निष्प्रभ करणे हा होता, याविषयी मतभेद आहेत. ब्रिटनचा हेतू पहिला आणि सोव्हेरालचा दुसरा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ट्रान्सव्हालचा बराचसा शस्त्रसाठा युद्धापूर्वीच पोहोचला होता, त्यामुळे बंदीचा लष्करी परिणाम मर्यादितच असावा.

डिसेंबर १८९९ मध्ये ब्रिटिश नौदलाने बुंडेसराट ही जर्मन टपालबोट पकडून दरबानला नेली. तटस्थ बंदराकडे जाणाऱ्या जहाजावर निषिद्ध माल असूच शकत नाही, असे बर्लिनचे म्हणणे. त्यासाठी त्याने ब्रिटिश नौदल खात्याच्याच १८८८ च्या नियमपुस्तिकेचा आधार घेतला. मालाचे अंतिम गंतव्य शत्रुदेश असेल तर मधले बंदर तटस्थ असणे पुरेसे नाही, असे सॉल्झबरीचे उत्तर. तपासणीत निषिद्ध माल सापडला नाही व जानेवारी १९०० मध्ये बोट सोडण्यात आली. एडनमध्ये किंवा डेलागोआ उपसागरापासून तितक्याच वा त्याहून अधिक अंतरावर जहाजांची झडती घेणार नाही, असे ब्रिटनने मान्य केले. तत्त्वाचा प्रश्न मात्र अनिर्णितच राहिला.

सप्टेंबर १९०० मध्ये ब्रिटिश फौजांनी सीमेवरील कोमातीपूर्ट घेतले आणि हा मार्ग बंद झाला.