दृश्य ओळख : सर्जनशील मार्गदर्शनाचा व्यवसाय, सोलापूर

चित्रकार, लेखक, गायक अशा मंडळींचे अडलेले काम पुढे सरकावे, रियाजाला शिस्त लागावी, कलेवर पोट भरण्याची वाट सापडावी म्हणून जो मार्गदर्शक सोबत करतो, त्याच्या व्यवसायाचे बोधचिन्ह, अक्षरवळण, रंग, छायाचित्रे आणि ती वापरण्याचे नियम यांना मिळून दृश्य ओळख म्हणतात. नुसता लोगो म्हणजे ओळख नव्हे. पेटर बेहरेन्स या जर्मन रचनाकाराने १९०७ पासून एईजी या वीजकंपनीसाठी चिन्हापासून जाहिराती, किटल्या आणि कारखान्याच्या इमारतीपर्यंत सारे घडवले. या कल्पनेचा आरंभ सहसा तिथे मानतात.

सोलापुरात पहिली अडचण शब्दाचीच. ‘कोचिंग’ म्हटले की दहावी-बारावीचा क्लास आठवतो आणि त्याचा फ्लेक्स : गुणवंतांचे फोटो, टक्केवारी, हात जोडून पुतळ्यासारखे उभे सर. सर्जनशील मार्गदर्शकाकडे दाखवायला टक्के नसतात. मग तो दुसऱ्या टोकाला जातो आणि पेटता बल्ब, मेंदू किंवा रंगाचा शिंतोडा उचलतो. ही चिन्हे इतकी वापरून झाली आहेत की त्यातून कोणाचीच ओळख पटत नाही.

खरा वस्तुपाठ गावातच आहे. जॅकार्ड मागावरच्या चादरीची नक्षी पूर्वी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काढत. त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना छिद्रे पाडत आणि कोणते उभे धागे उचलायचे ते ती कार्डे ठरवत. रंग मोजके, चादर उलटली तर नक्षी तीच, रंगांची मात्र अदलाबदल. बोधचिन्हाचीही परीक्षा हीच : पांढऱ्यावर काळे, काळ्यावर पांढरे, पावतीवरच्या रबरी शिक्क्याएवढे केले तरी ते ओळखू यायला हवे. चादरीवरचा मोर मात्र जसाच्या तसा उचलू नये. गिऱ्हाईक चादरीचा भाव विचारेल. घ्यायची ती रीत, नक्षी नव्हे.

शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूही बोलतात, त्यामुळे नाव कधी ना कधी दुसऱ्या लिपीत जातेच. शिरोरेषेवर बेतलेले देखणे नामचिन्ह, म्हणजे नावाच्या अक्षरांतूनच घडवलेले बोधचिन्ह, कन्नड-तेलुगूच्या गोलाईत टिकत नाही, उर्दू तर उजवीकडून सुरू होते. अशा वेळी चिन्ह अक्षरांपासून वेगळे ठेवलेले बरे. रोमन अक्षरांशेजारी देवनागरी ठेवताना तिच्या वेलांट्या-उकारांना वर-खाली जागा सोडावी लागते. ती न सोडल्यास मराठी नाव चेंगरल्यासारखे दिसते.

मोबाइलच्या पडद्यावरचा झळझळीत जांभळा छपाईच्या चार शाईंत मळकट उतरतो, म्हणून रंग ठरवण्याआधी नमुना छापून पाहावा. मूळ फाइल व्हेक्टर स्वरूपात, म्हणजे कितीही मोठी केली तरी रेषा स्वच्छ राहतील अशी, मागून घ्यावी. व्हॉट्सॲपवर आलेली जेपीजी दहा फुटी फ्लेक्सवर धूसर आणि चौकडीदार दिसते.

बोधचिन्हाची नोंदणी व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ खाली होते. शिक्षण व प्रशिक्षण सेवा ४१ व्या वर्गात येतात. व्यक्ती वा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क असून नोंदणी १० वर्षे चालते, पुढे नूतनीकरण होते. धार्मिक भावना दुखावणारे चिन्ह नाकारले जाते, तेव्हा सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांशी खेळ न केलेला बरा. ‘टीएम’ (ट्रेडमार्क) ही अक्षरे नोंदणीच्या आधीपासून लावता येतात. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच; त्याआधी लावणे बेकायदा आहे.