खरं उत्तर देण्याची भीती : एलजीबीटीआयक्यू समुदायांच्या लैंगिक आरोग्यसेवेची पार्श्वभूमी

लैंगिक आरोग्याच्या तपासणीत डॉक्टर सुरुवातीलाच विचारतात: संबंध कुणाशी आले, कसे आले? त्या उत्तरावर घशाची चाचणी करायची की गुदद्वाराची, कोणती लस द्यायची, हे सगळं ठरतं. समलिंगी, उभयलिंगी (स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण असणाऱ्या) आणि ट्रान्स (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असणाऱ्या) माणसांच्या कित्येक पिढ्यांना या प्रश्नाचं खरं उत्तर देणं परवडणारं नव्हतं. कायद्याच्या लेखी ते गुन्हेगार होते आणि वैद्यकाच्या पुस्तकात मनोरुग्ण. पुढे ज्या सेवा उभ्या राहिल्या, त्यांच्या मुळाशी ही भीती आहे.

सुरुवात मात्र आशेची होती. 1919 मध्ये मॅग्नस हिर्शफेल्ड या डॉक्टरांनी बर्लिनमध्ये लैंगिक विज्ञानाची संस्था काढली. गुप्तरोगांवर उपचार, संततिनियमनाचा सल्ला आणि समलिंगी व ट्रान्स व्यक्तींना आधार, हे सगळं एकाच छताखाली मिळे. 6 मे 1933 रोजी नाझी समर्थक विद्यार्थ्यांनी ती लुटली आणि चार दिवसांनी तिथली पुस्तकं भर चौकात जाळली. हिर्शफेल्ड तेव्हा परदेशात होते. ते मायदेशी परतलेच नाहीत. असं ठिकाण पुन्हा उभं राहायला किती वर्षं गेली, हे आठवलं की आजही जीव तुटतो.

1969 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवरच्या पोलिसी छाप्याविरुद्ध झालेल्या उठावानंतर अमेरिकेत या समुदायाने स्वतःचे दवाखाने चालवायला सुरुवात केली. शिकागोतला हॉवर्ड ब्राउन दवाखाना 1974 मध्ये समलिंगी वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पुढाकारातून सुरू झाला आणि गुप्तरोगांची चाचणी हे त्याचं पहिलं काम होतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती 1973 मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेला 17 मे 1990 उजाडावा लागला.

मग एड्स आला. 5 जून 1981 च्या अमेरिकी सरकारी अहवालात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद झाली. सरकारी यंत्रणा हलायला वेळ लागला, माणसं मात्र रोज मरत होती. 1982 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एड्सग्रस्तांना मदत करणारी जीएमएचसी (गे मेन्स हेल्थ क्रायसिस) ही संस्था उभी राहिली. तिच्या एका स्वयंसेवकाने स्वतःच्या घरच्या फोनवर मदतवाहिनी सुरू केली आणि पहिल्याच रात्री शंभराहून अधिक फोन आले. त्याच वर्षी लंडनमध्ये टेरी हिगिन्स हे समलिंगी गृहस्थ एड्सने वारले आणि त्यांच्या जोडीदाराने व मित्रांनी त्यांच्या नावाने संस्था काढली. 1983 मध्ये सॅन डिएगोत लेस्बियन स्त्रियांनी या रुग्णांसाठी रक्तदानाची शिबिरं भरवली. त्याच साली डेन्व्हरमध्ये एड्सग्रस्तांनी ठणकावून सांगितलं की आम्हाला बळी म्हणू नका, आमच्याबद्दलच्या निर्णयांत आम्हाला बसवा. सोबतीने समुपदेशन करणारा समवयस्क कार्यकर्ता, नाव न विचारता होणारी चाचणी, फुकट निरोध: आज जी पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे, तिची घडण याच दिवसांतली. अंत्यविधींच्या रांगेतून ही शहाणीव आली, हे विसरता येत नाही.

कायदा आडवा येत राहिला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, ब्रिटिशांनी 1860 मध्ये भारतीय दंडसंहितेत घातलेलं कलम 377 त्यांच्या इतर अनेक वसाहतींतही वेगवेगळ्या क्रमांकांनी गेलं. 2001 मध्ये लखनौत पोलिसांनी एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच अटक केली. निरोध वाटणारा माणूस तुरुंगात गेला, तर तो घ्यायला पुढे कोण येणार? भारतात प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम 6 सप्टेंबर 2018 रोजी गेलं. काही देशांत तसले कायदे अजून आहेत.

एचआयव्हीवरच्या औषधांची वाट त्यामानाने सरळ होती. 1996 च्या सुमारास अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराने मृत्यू झपाट्याने घटले. 2012 मध्ये अमेरिकेत संसर्गाआधीच घ्यायच्या गोळीला, म्हणजे प्रेपला, मान्यता मिळाली. 2019 मध्ये युरोपातल्या जवळपास 800 समलिंगी जोडप्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष आला: उपचारामुळे रक्तात विषाणू सापडेनासा झाला असेल, तर जोडीदाराला लागण होत नाही. चाळीस वर्षं मानेवर बसलेली धास्ती या एका वाक्याने उतरते, म्हणून ते प्रत्येक दवाखान्यात मोठ्याने सांगितलं पाहिजे.

पण एचआयव्हीभोवती उभ्या राहिलेल्या सेवेत काही जण मागे राहिले. लेस्बियन स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी लागत नाही, असा समज डॉक्टरांमध्येही होता. तो चुकीचा आहे, कारण हा कर्करोग घडवणारा एचपीव्ही हा विषाणू स्त्रियांकडून स्त्रियांनाही होतो. गर्भाशयमुख असूनही नोंदीत ‘पुरुष’ लिहिलेल्या ट्रान्स पुरुषाला त्या तपासणीचं बोलावणं बऱ्याचदा जातच नाही. ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढणारी जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी 2019 मध्ये स्वीकारली गेली आणि 2022 पासून लागू झाली. इंटरसेक्स, म्हणजे जन्मतः शरीराची लैंगिक लक्षणं स्त्री किंवा पुरुष या ठरीव चौकटीत न बसणाऱ्या बाळांवर त्यांना कळायच्या वयाआधी, केवळ शरीर ‘नेहमीसारखं’ दिसावं म्हणून शस्त्रक्रिया होत आल्या आहेत. माल्टाने 2015 मध्ये कायद्याने त्या थांबवल्या, आणि असं करणारा तो पहिला देश होता. ज्यांच्यावर आधीच चाकू चालला, ती माणसं आता मोठी झाली आहेत, आणि तपासणीच्या टेबलावर झोपण्याआधी डॉक्टर काय विचारणार आहेत याचा अंदाज घेत दाराशी थांबतात.