घरच्या वर्कशॉपमध्ये रायफल बनवायचा छंद आला कुठून

अमेरिकेत कोणी 'मी घरी रायफल बनवली' म्हणालं की वाटतं हा माणूस पार नळीपासून सगळं स्वतः करत असणार, पण तसं क्वचितच असतं. या छंदाचा जीव खरा लाकूडकामात आहे, आणि तो तिथे कसा गेला ही गोष्ट मला फार आवडते.

१८व्या शतकात पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या आसपास, जर्मन आणि स्विस कारागीर येऊन राहिले. त्यांची लाँग रायफल खरोखरच छोट्याशा दुकानात बनायची. लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळायची, ठोकून सांधायची, मग आतून पीळदार आटे पाडायचे, तेही हाताने, एका बारीक पात्याने, एका ओढीत जेमतेम कीस निघायचा. तरी चकमकीचं लॉक, म्हणजे ठिणगी पाडून दारू पेटवणारा भाग, बरेचदा युरोपातून आणलेलं असायचं, म्हणजे सगळं एकहाती तेव्हाही नव्हतंच.

पुढे सरकारी कारखाने आले. १८१९ च्या सुमारास थॉमस ब्लँचर्डने दस्ते, म्हणजे बंदुकीचे लाकडी भाग, कापायचं लेथ यंत्र काढलं, हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात जॉन हॉलने कुठल्याही रायफलला चालतील असे सुटे भाग बनवून दाखवले, आणि एकट्या कारागिराचं काम हळूहळू आटलं.

छंद म्हणून हे परत आलं ते लष्करी रायफलींमुळे. जर्मनीची माउझर १८९८ ची, आणि अमेरिकेची १९०३ ची स्प्रिंगफील्ड तिच्यावरच बेतलेली, इतकी की अमेरिकेला माउझरला रॉयल्टी द्यावी लागली. बोल्ट ॲक्शन, म्हणजे हाताने दांडा मागेपुढे करून गोळी भरायची यंत्रणा, भक्कम, पण दस्ता जाडजूड, सैनिकासाठी केलेला. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत शिकारीला गेले तेव्हा त्यांच्याकडे नवा दस्ता चढवलेली स्प्रिंगफील्ड होती. न्यूयॉर्कच्या सीमूर ग्रिफिनने त्याबद्दल वाचलं आणि स्वतःच्या स्प्रिंगफील्डला तसाच दस्ता केला. हा माणूस पेशाने फर्निचर बनवणारा! १९२३ मध्ये त्याने जेम्स हाउबरोबर ग्रिफिन अँड हाउ कंपनी काढली. अवघड धातुकाम सरकारी कारखान्याने आधीच करून ठेवलेलं, उरलं ते लाकूड, आणि ते घरच्या बाकावर होण्यासारखं होतं.

ते काम बघण्यासारखं असतं. धातूला काजळीचा पातळ हात द्यायचा, अक्रोडाच्या लाकडात दाबून उचलायचा, जिथे काळा डाग उमटेल तेवढंच पटाशीने खरवडायचं, परत काजळी, परत दाबायचं, असं शेकडो वेळा, शेवटी लाकूड आणि लोखंडात कागदही जाऊ नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरच्या जुन्या माउझर अमेरिकेत स्वस्तात, पोस्टाने मिळायला लागल्या आणि गॅरेजागॅरेजात हे सुरू झालं. लष्करी रायफलीची अशी शिकारी रायफल करण्याला स्पोर्टराइझ करणं म्हणतात. पण राष्ट्राध्यक्ष केनेडींची १९६३ मधली हत्या पोस्टाने मागवलेल्या इटालियन लष्करी रायफलनेच झाली होती, आणि १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने ही टपालविक्री आणि जुन्या लष्करी रायफलींची आयात, दोन्ही बंद केली. आयात नंतर काही अटींवर सुरू झाली, तरी पूर्वीची रेलचेल गेली ती गेलीच.

तोवर १९५८ मध्ये सॅव्हेज कंपनीची ११० ही रायफल आली होती, तिची नळी एका नटाने जागेवर बसते, त्यामुळे पुढच्या पिढीचा भर नळी बदलण्यावर गेला आणि दस्ता रेडीमेड, प्लॅस्टिक नाहीतर ॲल्युमिनियमचा. मला हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. त्या काळात कापल्या गेलेल्या कितीतरी माउझर अगदी कोऱ्या होत्या, आणि आज संग्राहक हात न लावलेल्या माउझरलाच जास्त किंमत देतात.