पोकलेनच्या तासांवरून बाजाराचा अंदाज

पोकलेन मशीन तासाच्या भाड्यावर कामाला जातं तेव्हा मालक सहसा तिथे नसतो. दिवसभर खोदाई झाली, की दोन तास इंजिन चालू ठेवून मशीन नुसतंच उभं होतं? टाकीतलं डिझेल कामात जळलं, की कुणाच्या कॅनमध्ये गेलं? पूर्वी यावर ऑपरेटर सांगेल ते खरं मानायचं, एवढाच मार्ग होता. कोमात्सु या जपानी कंपनीने त्यावर एक यंत्रणा बसवली आणि त्यात मालकापेक्षा कंपनीचाच जास्त फायदा झाला.

सुरुवात चोरीतून झाली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये चोर रात्री बांधकामावरची खोदाई यंत्रं पळवत आणि त्यांच्याच दातांनी एटीएम उखडून नेत. त्यामुळे यंत्र कुठे आहे हे जीपीएसवरून कळावं आणि गरज पडल्यास इंजिन दुरून बंद ठेवता यावं, अशी पेटी तयार झाली. तिचं नाव कोमट्रॅक्स.

जागा समजणं हा त्यातला सोपा भाग. आधुनिक यंत्राच्या इंजिनाला आणि हायड्रॉलिक पंपाला छोटे नियंत्रक संगणक असतातच. ते एका सामाईक तारेवरून एकमेकांशी बोलत असतात. पेटी ते बोलणं ऐकते. इंजिनाचे फेरे चालू आहेत, पण हायड्रॉलिक तेलाचा दाब वाढतच नाही, याचा अर्थ बकेट मातीत शिरलेली नाही, म्हणजे डिझेल फुकट जळतंय. कूलंटचं तापमान, टाकीतली पातळी, बिघाडाचे इशारे यांचा गोषवारा मोबाइल नेटवर्कवरून कंपनीकडे जातो. रेंज नसेल तिथे उपग्रहावरून.

खरा डाव पुढचा होता. 2001 साली, कंपनीच तोट्यात असताना, कोमात्सुने ही पेटी वेगळे पैसे न लावता नव्या यंत्रांत सरसकट बसवायला सुरुवात केली. हे औदार्य नव्हतं. पेटी विकत घ्यायला लावली असती तर हिशेबी मालकांनीच घेतली असती आणि कंपनीला दिसली असती फक्त हिशेबी मालकांची यंत्रं. अशा निवडक नमुन्यावरून संपूर्ण बाजाराविषयी बोलणं धोक्याचं, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. पेटी सगळीकडे गेली आणि नमुन्याच्या जागी जवळजवळ शिरगणतीच हाती आली.

तिचा उपयोग 2004 मध्ये चीनमध्ये दिसला. एखादं यंत्र आठवडाभर उभं राहिलं तर त्यातून काहीच कळत नाही. पाऊस असेल, सण असेल, पाइप फुटला असेल. पण हजारो यंत्रांची सरासरी काढली की अशी वैयक्तिक कारणं एकमेकांत विरून जातात आणि सगळ्यांना समान असलेलं कारण तेवढं वर येतं. चीन सरकारने कर्जपुरवठा आवळला होता. कोमात्सुला यंत्रांचे कामाचे तास घटताना दिसले आणि तिने तिथलं उत्पादन काही काळ थांबवलं. विक्रीचे आकडे बघत बसलेल्याला हे उशिरा कळतं, कारण कंत्राटदाराचं काम आधी थांबतं, मग तो नवी खरेदी थांबवतो, आणि त्यानंतर विक्रेत्याच्या आवारात माल साचू लागतो. तासांचे आकडे या साखळीच्या पहिल्याच कडीवर मोजलेले असतात. कोमात्सु पुढे आपल्या यंत्रांचे सरासरी मासिक तास देश-प्रदेशवार प्रसिद्ध करू लागली. शेअर बाजारातली मंडळी आता ते आकडे अर्थव्यवस्थेची नाडी म्हणून बघतात.

बाकी फायदेही आहेतच. कुठला सुटा भाग कधी लागेल याचा अंदाज येतो. जुनं यंत्र विकताना खरे तास दाखवता येतात आणि भाव बरा मिळतो.

आता अशी पेटी सगळ्यांकडे आहे. कॅटरपिलरकडे आहे, तळेगावात कारखाना असलेल्या जेसीबीकडेही आहे. जेसीबीच्या या पेटीचं नाव लाइव्हलिंक, तिच्यामुळे मालकाला यंत्र कुठे आणि किती चाललं ते मोबाइलवर दिसतं. सेन्सर स्वस्त झाले, सिमकार्ड तर त्याहून स्वस्त. म्हणून नुसत्या पेटीच्या जोरावर कुणी पुढे जाईल असं मला वाटत नाही. जुन्या नोंदी कुणाकडे जास्त आहेत, आणि आकडे वाईट दिसताच कारखाना थांबवण्याची हिंमत कुणात आहे, यावर सगळं ठरतं. दुसरी गोष्ट विकत मिळत नाही.

एक बाजू मात्र मालकांनी नीट बघावी. चोरासाठी केलेलं दूरचं कुलूप चीनमध्ये हप्ते थकवणाऱ्यांच्या यंत्रांनाही लागलं. यंत्र तुमचं, डिझेल तुमचं, पण त्याच्या तासांवरून बाजार ओळखते ती कंपनी. युरोपियन संघाचा डेटा कायदा 12 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला आहे. जोडलेल्या यंत्रातून निघणारी माहिती वापरणाऱ्याला मिळाली पाहिजे आणि त्याने सांगितलं तर ती त्याच्या पसंतीच्या दुसऱ्या मेकॅनिकलाही द्यावी लागेल, असं तो म्हणतो.