ज्यांना लस पुरत नाही: रक्ताचा कर्करोग आणि दुबळ्या प्रतिकारशक्तीची पार्श्वभूमी

१८ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल कोविडने गेले. वय ८४. लशीचे दोन्ही डोस झालेले होते. बातमी येताच समाजमाध्यमांवर एकच गिल्ला झाला: दोन डोस घेऊनही माणूस जातो, मग लशीचा उपयोग काय? पॉवेल यांना मल्टिपल मायलोमा होता, ही बातमीतली ओळ अनेकांनी वाचलीच नाही. मायलोमा हा रक्ताच्या कर्करोगांपैकी एक. ज्या पेशी शरीरात प्रतिपिंडं म्हणजे अँटीबॉडीज बनवतात, नेमक्या त्याच पेशींचा हा कर्करोग. अशा माणसाला लस टोचली तरी ती अर्धीमुर्धीच लागू पडण्याची किंवा अजिबात लागू न पडण्याची भीती असते. त्यांचा तिसरा डोस ठरला होता, त्याआधीच ते आजारी पडले.

रक्तविकारतज्ज्ञांना यात नवल वाटलं नसणार. रक्ताचा कर्करोग प्रतिकारशक्तीचं कंबरडं मोडतो, ही माहिती तोवर साठ-सत्तर वर्षं जुनी झाली होती. ती कशी हाती आली, हे समजून घेतलं की आजचे अनेक नियम उगाच घातलेले वाटत नाहीत.

पॉवेल यांचं निधन ज्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात झालं, त्याच नावाच्या वॉशिंग्टनमधल्या जुन्या रुग्णालयात कर्नल ऑग्डेन ब्रुटन हे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा यायचा. न्यूमोकॉकसचा जंतू त्याच्या रक्तात शिरायचा, औषधांनी मुलगा बरा व्हायचा आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. ब्रुटननी त्याला न्यूमोकॉकसची लस देऊन पाहिली. प्रतिपिंडं तयारच झाली नाहीत. मग त्याच्या रक्तातली प्रथिनं इलेक्ट्रोफोरेसिसने, म्हणजे विजेच्या प्रवाहाने, वेगळी करून पाहिली, तर गॅमा ग्लोब्युलिनचा, म्हणजे प्रतिपिंडं ज्यात असतात त्या प्रथिनांचा, उंचवटा जिथे दिसायला हवा तिथे काहीच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात एडविन कोन यांनी हार्वर्डमध्ये रक्तद्रवातले घटक वेगळे काढण्याची पद्धत बसवली होती, त्यामुळे दात्यांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन औषध म्हणून मिळत होतं. ब्रुटन ते दर महिन्याला मुलाच्या कातडीखाली टोचू लागले आणि संसर्गांचा ससेमिरा थांबला. हे सगळं १९५२मध्ये प्रसिद्ध झालं.

त्या मुलाचा आजार जन्मजात होता, कर्करोग नव्हता. पण त्यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. लस हे काही तयार संरक्षण नव्हे. तिच्यावरून प्रतिपिंडं बनवायला शरीरात यंत्रणा लागते. आणि ती यंत्रणा नसेल तर दुसऱ्यांची प्रतिपिंडं उसनी आणून माणूस जगवता येतो.

मायलोमाच्या रुग्णाची तपासणी त्याच पद्धतीने केली तर चित्र उलटं दिसतं. गॅमाच्या जागी रुंद टेकडीऐवजी एक अरुंद, उंच सुळका. आपल्याकडच्या रिपोर्टवर ‘एम बँड’ म्हणून जो लिहिलेला असतो, तो हाच. घरची माणसं रिपोर्ट हातात घेऊन विचारतात, ग्लोब्युलिन तर वाढलेलं आहे, मग प्रतिकारशक्ती कमी कशी? वाढलेलं सगळं ग्लोब्युलिन एकाच बिघडलेल्या पेशीच्या वंशाने बनवलेलं असतं, एकाच साच्याचं आणि निरुपयोगी. गोवर, न्यूमोनिया, फ्लू यांच्याशी लढणारी वेगवेगळी प्रतिपिंडं त्या गर्दीत घटत जातात. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, हा पांढऱ्या पेशींचा सावकाश वाढणारा कर्करोग. त्यात बहुधा सुळकाही नसतो. पातळी नुसतीच वर्षागणिक खाली येते. रुग्ण औषधाशिवाय बरीच वर्षं ठणठणीत हिंडतो-फिरतो, पण त्याचीही लस कच्ची राहते. पाश्चात्त्य देशांत सीएलएल फार आढळतो, आपल्याकडे त्यामानाने कमी. म्हणूनच या विषयावरचे पुष्कळसे आकडे तिकडचे असतात.

प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींचा माग लागला तो कोंबड्यांमुळे. ओहायोत ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी पक्ष्यांच्या शेपटीजवळच्या ‘बर्सा’ नावाच्या पिशवीचा अभ्यास करत होता. ती काय कामाची, हे कुणालाच माहीत नव्हतं. टिमथी चँग या त्याच्या मित्राला वर्गात प्रतिपिंडांचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. त्याने ग्लिककडच्या काही कोंबड्या उसन्या घेतल्या, त्यांना साल्मोनेलाचं इंजेक्शन दिलं, आणि प्रात्यक्षिक सपशेल फसलं. प्रतिपिंडं न बनवणाऱ्या कोंबड्यांची बर्सा आधीच काढलेली होती. ‘सायन्स’ने हा लेख नाकारला, म्हणून १९५६मध्ये तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला आणि काही वर्षं तसाच पडून राहिला. पुढे १९६५च्या सुमारास मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी प्रतिकारशक्तीचे दोन हात वेगळे करून दाखवले: बर्सावरून बी पेशी, थायमस ग्रंथीवरून टी पेशी. मायलोमा, सीएलएल, बहुतेक लिम्फोमा (लसिकाग्रंथींचे कर्करोग) आणि मुलांमधला बराचसा ल्युकेमिया हे सगळे या बी घराण्यातलेच आजार.

इथवर आजाराने होणारं नुकसान झालं. उपचाराने होणारं वेगळं. १९६६मध्ये जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी तीव्र ल्युकेमियाच्या ५२ रुग्णांचे पांढऱ्या पेशींचे आकडे आणि त्यांना झालेले संसर्ग शेजारी शेजारी मांडले. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये एक हजाराच्या खाली गेल्या की संसर्ग वाढतात, शंभराच्या खाली गेल्या की जिवावर बेततं, आणि दिवस जितके जास्त तितका धोका जास्त. केमोच्या वॉर्डात आज ‘काउंट किती?’ हा जो प्रश्न दिवसभर कानावर पडतो, त्याचं मूळ या कामात आहे. केमोनंतर ताप आला तर रात्री दोन वाजताही रुग्णालय गाठा, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, ही तंबीही त्यातूनच आलेली.

लशीविना संरक्षण कसं द्यायचं, याचं एक देखणं उदाहरण १९७७चं आहे. ल्युकेमियाच्या मुलांना न्यूमोसिस्टिस नावाचा न्यूमोनिया गाठायचा. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात वॉल्टर ह्यूझ यांनी ८० मुलांना को-ट्रायमॉक्सॅझोल आणि ८० मुलांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. निष्क्रिय गोळीवाल्या १७ जणांना तो न्यूमोनिया झाला, औषधवाल्यांपैकी एकालाही नाही. आपल्याकडे ‘सेप्ट्रान’ म्हणून ओळखली जाणारी ही स्वस्त गोळी आठवड्यातून ठरावीक दिवस मुलांना का देतात, हे पालकांना एकदा नीट सांगितलं तर ती मध्येच बंद होणार नाही.

कांजिण्यांची लस तर या मुलांशी फारच जवळून जोडलेली. आपल्या घरी ‘बाया आल्या’ म्हणून कडुलिंबाचा पाला लावून निभावलं जाणारं दुखणं ल्युकेमियाच्या मुलाचा जीव घेऊ शकतं. जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४मध्ये कांजिण्यांची सौम्य केलेली जिवंत लस जाहीर केली आणि पुढच्या काळात जपान-अमेरिकेत ती ल्युकेमिया आटोक्यात असलेल्या मुलांना फार जपून देऊन पाहिली गेली. बऱ्याच जणांना संरक्षण मिळालं, पण अनेकांच्या अंगावर लशीच्याच विषाणूचं पुरळ उठलं. अमेरिकेत ती १९९५मध्ये सर्वसाधारण वापरात आली, ती निरोगी मुलांसाठी. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप झाला त्यांना उपचार चालू असताना ती देत नाहीत. त्यांच्या भावंडांना देतात.

नोव्हेंबर १९९७मध्ये अमेरिकेत रिटुक्सिमॅबला मान्यता मिळाली. बी पेशींवरच्या सीडी-२० या खुणेला चिकटून त्या पेशी संपवणारं हे औषध. लिम्फोमाच्या उपचारात त्याने क्रांती केली, हा शब्द इथे शोभतो. पण औषधाला चांगली बी पेशी आणि वाईट बी पेशी असा भेद कळत नाही. प्रतिपिंडं ओतणाऱ्या जुन्या प्लाझ्मा पेशींवर सीडी-२० नसतं, त्यामुळे आधीची प्रतिपिंडं काही काळ टिकतात. नवी लस मात्र किमान सहा महिने जवळपास वाया जाते. म्हणून लस शक्यतो उपचाराच्या दोन आठवडे आधी, नाहीतर रिटुक्सिमॅब संपल्यावर सहा महिन्यांनी, असा दंडक पडला. शरीरात दबून राहिलेली ब प्रकारची कावीळही या औषधाने उसळते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३मध्ये त्याबद्दलचा इशारा ठळक चौकटीत छापायला लावला. औषधाआधी हिपॅटायटिस-बीची तपासणी सांगतात ती याचसाठी.

इतकं सगळं ठाऊक असताना कोविडच्या लशींच्या मोठ्या चाचण्या झाल्या तेव्हा प्रतिकारशक्ती दबलेल्यांना बाहेर ठेवलं गेलं. चाचणीच्या दृष्टीने त्यात तर्क आहे, पण ज्यांना उत्तर सर्वांत आधी हवं होतं त्यांना ते सर्वांत शेवटी मिळालं. २०२१मध्ये इस्रायलच्या डॉक्टरांनी सीएलएलच्या १६७ रुग्णांची फायझरच्या दोन डोसनंतरची तपासणी प्रसिद्ध केली. प्रतिपिंडं दिसली ३९.५ टक्क्यांमध्ये. उपचार संपून आजार आटोक्यात असलेल्यांत हे प्रमाण ७९.२ टक्के, उपचार चालू असलेल्यांत १६ टक्के, आणि लशीआधीच्या वर्षभरात सीडी-२०वरचं औषध घेतलेल्यांत शून्य. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने थोडा धीर दिला: रक्ताच्या कर्करोगाच्या ज्या कोविडग्रस्तांच्या टी पेशी शाबूत होत्या, ते बी पेशी नसतानाही जास्त संख्येने वाचले. म्हणजे प्रतिपिंडांचा रिपोर्ट शून्य आला म्हणून लस फुकट गेली, असं नाही.

अमेरिकेने ऑगस्ट २०२१मध्ये अशा रुग्णांना तिसरा डोस दिला. आपल्याकडे १ मार्च २०२१पासून ४५ ते ५९ वयोगटातल्या सहव्याधीग्रस्तांना रांगेत घेतलं, त्या यादीत लिम्फोमा, ल्युकेमिया, मायलोमा ही नावं होती. इथवर ठीक. पण कोव्हिशील्डच्या दोन डोसमधलं अंतर मे महिन्यात १२ ते १६ आठवडे झालं ते सगळ्यांना सरसकट, आणि जानेवारी २०२२मध्ये आलेला ‘प्रिकॉशन डोस’ आरोग्य व आघाडीचे कर्मचारी आणि साठीपुढचे सहव्याधीवाले यांच्यापुरता. पन्नाशीतल्या मायलोमाच्या रुग्णाला तो १० एप्रिल २०२२नंतर खासगी केंद्रात पैसे मोजून मिळाला. डोसच्या संख्येने जगातली सर्वांत मोठी लसउत्पादक कंपनी पुण्यात असताना झालेला हा उशीर नुसता पुरवठ्याचा नव्हता. या रुग्णांचा वेगळा विचारच झाला नाही. तयार प्रतिपिंडांचं ‘कॉकटेल’ मे २०२१मध्ये आलं ते एका डोसला ५९,७५० रुपये दराने, आणि ओमायक्रॉनपुढे ते निष्प्रभ ठरलं.

त्याच काळात घरोघरी काढे उकळत होते. ‘इम्युनिटी बूस्टर’ या प्रकाराचा मला मनस्वी राग आहे. ज्याच्या बी पेशी औषधाने पुसल्या आहेत त्याच्या शरीरात गुळवेल काय वाढवणार? मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने ती फेटाळली. तो वाद बाजूला ठेवला तरी केमो चालू असताना यकृतावर आणखी ओझं कशाला? उलट ज्या गोष्टी खरंच टाळायच्या त्या साध्या आहेत: खिडकीतली कबुतरांची विष्ठा, बांधकामाची धूळ, कुंड्यांची माती उकरणं, शिळं आणि उघड्यावरचं खाणं.

भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण मार्च १९८३मध्ये परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. प्रत्यारोपणानंतर लहानपणीच्या लशींची आठवण बव्हंशी पुसली जाते, म्हणून साठीच्या माणसालाही सहा महिन्यांच्या आसपास धनुर्वात-घटसर्पापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. गोवराची जिवंत लस दोन वर्षांनी, तीही सगळं सुरळीत असेल तरच. नागिणीची जुनी लस जिवंत असल्याने या रुग्णांना चालत नसे. शिंग्रिक्स ही निर्जीव लस भारतात २०२३मध्ये आली, पण तिची किंमत पाहून बरेच जण मागे फिरतात.

मग आली कार-टी ही उपचारपद्धती. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार-१९ला ऑक्टोबर २०२३मध्ये परवानगी मिळाली. रुग्णाच्याच टी पेशींना सीडी-१९ ही खूण शिकवून सोडायचं, म्हणजे त्या बी पेशींना वेचून मारतात. उपचार चांगला चालला, याची एक खूणच अशी की रक्तात बी पेशी सापडत नाहीत. पुढे महिनोन्‌महिने आयजीजी या रक्तातल्या मुख्य प्रतिपिंडांची पातळी तपासत राहायची, आणि ती डेसिलिटरमागे चारशे मिलिग्रॅमच्या खाली गेली किंवा संसर्ग होत राहिले तर सलाइनमधून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांची प्रतिपिंडं, द्यायचं. ही बाटली हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून बनते आणि महाग असते.

अशा रुग्णाचं बरंचसं संरक्षण घरातल्या इतरांच्या दंडावर अवलंबून राहतं. फ्लूची लस सगळ्यांनी दरवर्षी घ्यावी. रुग्णाची इंजेक्शनचीच हवी, नाकात फवारायची जिवंत लस त्याला नको. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर पल्स पोलिओच्या रविवारी एक गोष्ट आशाताईंना आधीच सांगून ठेवावी. तोंडावाटे देतात ती पोलिओची लस जिवंत असते आणि तिचा विषाणू काही आठवडे मुलाच्या शौचातून बाहेर पडतो, त्यामुळे अशा घरातल्या मुलाला थेंबांऐवजी पोलिओचं इंजेक्शन द्यायचं असतं. बालरोगतज्ज्ञांकडून तशी चिठ्ठी घेऊन ठेवली की दारात वाद होत नाही.