इमोजेन की इनोजेन?

इमोजेन हे शेक्सपिअरच्या 'सिंबेलिन' नाटकातल्या राजकन्येचं नाव. बाळाच्या नावांच्या याद्यांत अर्थ दिलेला असतो 'कन्या'. जुन्या आयरिशमध्ये मुलीला 'इंगेन' म्हणत, त्यावरून. पण खरी भानगड अर्थाची नाही, एका अक्षराची आहे.

नाटक पहिल्यांदा छापलं गेलं 1623 साली, लेखक जाऊन सात वर्षं झाल्यावर. त्यात सगळीकडे 'इमोजेन'. मात्र 1611च्या सुमारास लंडनच्या एका ज्योतिषी-वैद्याने हे नाटक पाहून टिपण लिहिलं, त्यात राजकन्या 'इनोजेन' आहे. शेक्सपिअर ज्या बखरीतून कथानकं उचलायचा, तिच्यातही ब्रिटनच्या दंतकथेतल्या पहिल्या राजाची राणी इनोजेनच. शिवाय 1600 साली छापलेल्या त्याच्या एका विनोदी नाटकात लिओनाटोची बायको इनोजेन. रंगसूचनेत ती आहे, तोंडी मात्र एक शब्द नाही! आणि 'सिंबेलिन'मधल्या राजकन्येचा नवरा? लिओनाटस. योगायोग म्हणून हे सोडून देणं अवघड आहे.

मग गफलत झाली कुठे? त्या काळच्या हस्ताक्षरात 'एन' म्हणजे दोन छोट्या उभ्या रेघा, 'एम' म्हणजे तीन. इनोजेनच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीच्या 'आय'नंतर दोन 'एन' लागोपाठ, म्हणजे चार रेघा. त्यातली एक नजरेतून सुटली की झाला 'एम'. 'ख'चा 'रव' वाचलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आक्षेप असा घेतात, की खिळे जुळवणारा एकदा चुकेल, दरवेळी कसा? पण छापखान्यात गेलेली प्रतच लेखनिकाने नकललेली असेल, तर त्याची एक चूक शेवटपर्यंत जाणारच. मला हे पटतं. 1986च्या ऑक्सफर्ड आवृत्तीने 'इनोजेन' छापलं. संपादकांचं एकमत अजून नाही.

'कन्या' या अर्थाचंही तसंच. बाराव्या शतकातल्या लॅटिन ग्रंथात ती राणी ग्रीक राजाची मुलगी आहे, आयरिश नव्हे.

नाव रुळलं ते छापील रूपातच. ग्रहांवर संगीत रचणाऱ्या इंग्रज संगीतकाराच्या घरी 1907 साली मुलगी झाली, ती इमोजेन. पुढे तीही संगीतकार झाली. या शतकात इंग्लंड-वेल्समध्ये ते पहिल्या शंभर नावांतही आलं. अमेरिकेत त्याच्या शेपटीला आणखी एक 'ई' लागली आणि उच्चार झाला 'इमोजीन'. तिथे ते पणजीच्या पिढीचं नाव वाटतं.